लाकडाची हाक

वरचा मठ
रविवार, ९ मार्च

दोम्निकाबाई यांस,

नमस्कार. तब्येत ठीक असेल. तू जिला सांभाळतेस त्या ऑर्नेला म्हातारीचीही ठीक असावी, कारण ती आजारी असली की तू माझी चौकशी सोडून तिच्याबद्दलच बोलत बसतेस.

साबिनकाकांनी इटलीहून गाडीतून आणलेलं पार्सल पोचवलं. कॉफी, चॉकलेटं, शाम्पू आणि बूट. बूट फार सुंदर आहेत, पण माझी टाच आत जात नाही. मी अग्लायाकाकूच्या नातीला देऊन टाकले. तिला अगदी मापात झाले. ती अकरा वर्षांची आहे.

फोन उचलत नाही म्हणून रागावली आहेस, असं काका म्हणाले. फोन नदीत आहे. पडला नाही, टाकला. आता काही विचारायचं असेल तर असंच कागदावर विचार आणि काकांच्या गाडीबरोबर पाठव. तुझा आवाज ऐकायचा नाही. त्याचं कारणही विचारू नकोस.

मी मठात कशी आले ते काकूने तुला मीठमसाला लावून सांगितलंच असेल. शाळेच्या खिडक्यांचंही सांगितलं असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. शाळेने काढल्यावर ती मला म्हणाली, "बया, तुला घरात ठेवायची तर मला आधी काचा काढून ठेवाव्या लागतील." मग उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधी माझी पिशवी भरून मला इथे आणून सोडलं. ईस्टरपर्यंत. घाबरू नकोस, नन होणार नाही. मला पहाटे उठवतात, लाकडं फोडायला लावतात आणि दोन वेळा घेवड्याचं सूप देतात. तिसऱ्या वेळी घेवडा न घालता तेच सूप देतात.

इथे सगळ्या नन बायकांना माइका म्हणायचं. तुला ठाऊकच आहे, पण इथे दिवसभर ते ऐकताना कान किटतात. माइका, सरपण कुठे ठेवू? माइका, दार लावू? म्हणजे आई, आई, आई. जिला एक धड मिळाली नाही तिच्या वाट्याला एकदम चौदा! मी कोणालाच तसं म्हणत नाही. "अहो" म्हणून वेळ मारून नेते. स्वयंपाकघरातली माइका त्यावरून माझी टिंगल करते. म्हणते, "काय गं, मी काय तुझा नवरा आहे?"

मला काम दिलंय ते एका म्हातारीच्या हाताखाली. मेलानिया तिचं नाव. एवढीशी आहे, माझ्या खांद्याइतकी, आणि ठार बहिरी. प्रार्थनेआधी तोआका वाजवायचं काम तिचं. लांब फळी डाव्या खांद्यावर तोलते, उजव्या हातात लाकडी मोगरी, आणि वाजवत वाजवत देवळाभोवती फिरते. आपल्या खालच्या गावात घंटाच असते, फळी मी लांबूनच ऐकली होती. जवळून ऐकली की दातांत घुमते.

देवळामागे, कड्याच्या तोंडाशी, ती थांबते. तीन ठोके देते. आणि उभी राहते. समोरचा डोंगर ओ देतो म्हणे. हिला आता ती ऐकू येत नाही, म्हणून माझी नेमणूक. ठोके झाले की माझ्याकडे वळून विचारते, "ओ आली?"

मी "नाही" म्हणते.

खरं तर येते. पहिल्या दिवसापासून येते. पण मी मान हलवते, नाही. ती म्हणते, "बरं. उद्या." आणि पुढे चालायला लागते.

ईस्टरला येऊ नकोस. तुला सुट्टी मिळत नाहीच, तर ती मागण्याची तसदीही घेऊ नकोस.

इलिंका


वरचा मठ
रविवार, ३० मार्च

दोम्निकाबाई,

नमस्कार. इथे सगळं क्षेम आहे, म्हणजे आता आहे. गेल्या आठवड्यात नव्हतं. ते काकूकडून कळण्याआधी मीच लिहिते.

तुझं पत्र मिळालं. पायाचं माप मागितलं आहेस. कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरव म्हणतेस. बघते.

त्याच पत्रात खाली तू आजीच्या जाण्याबद्दल एक ओळ लिहिली आहेस. ती ओळ मी पुन्हा लिहीत नाही. ती वाचली आणि मला काय झालं ते कळलं नाही. देवळाच्या ओसरीत फळी टेकवून ठेवलेली होती. उचलली आणि बडवायला लागले. ताल नाही, थांबणं नाही, दिसेल तिथे घाव. फळी फुटावी असंच वाटत होतं. फुटली नाही. माझ्या हाताला मात्र फोड आले.

आता तू इथलीच, तुला कळलंच असेल काय झालं. मला तेव्हा सुचलं नाही. न थांबता वाजणारी फळी म्हणजे आग! खालचं अर्धं गाव चढण चढून वर आलं. बादल्या, कुऱ्हाडी, एकाच्या हातात ओली घोंगडी. साबिनकाका अर्ध्या गालाला साबण लावलेले तसेच पळत आले होते. आणि अंगणात मी एकटी, हातात मोगरी, नाकातून पाणी वाहतंय.

"कुठे लागली?" काका ओरडले. "अगं बोल ना, मुकी आहेस का? कुठे लागली आग?"

मी काय सांगणार? लोक माझ्याकडे बघायला लागले, तुला ठाऊक आहे कसे बघतात ते. दोम्निकाची पोर. आई इटलीत, बाप कुठे देव जाणे, काचा फोडते ती. कोणीतरी म्हणालंही, "हिला आधी खाली नेऊन बांधून ठेवा." मठ चालवणाऱ्या मोठ्या माइकासुद्धा बाहेर आल्या, त्यांच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं की माझी पिशवी पुन्हा भरली जाणार.

तेवढ्यात मेलानिया माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला काही ऐकू आलेलं नव्हतं, पण तिने बादल्या पाहिल्या, माझे हात पाहिले. आणि खणखणीत आवाजात, बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्यांना म्हणाली, "आग लागली होती. वेळेवर आलात. आता आलाच आहात तर सूप घेऊन जा."

सगळे जेवायला बसले. काकांनी उरलेला गाल मठाच्या विहिरीवर खरवडला. मला कोणी एक शब्द विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता बोलणी बसणार. म्हातारीने माझ्या तळहातांना मेण आणि तेल चोळलं, फडकी बांधली आणि मोगरी हातात दिली. म्हणाली, "जोर आहे पोरी. ताल नाही. ताल शिकवता येतो."

तेव्हापासून शिकतेय. फळी हातात घट्ट धरायची नाही, नुसती तोलायची, नाहीतर ती गप्प होते. मधोमध मारलं की आवाज जाड, कडेला मारलं की बारीक. आणि प्रत्येकीने आपापले शब्द मनात धरायचे, त्या शब्दांवर हात पडतो. मी विचारलं, तुमचे कुठले शब्द? तर म्हणाली, "ते सांगायचे नसतात. तू तुझे शोध."

मग मोठा बर्फ पडला. आणि दोम्निकाबाई, एक गोष्ट सांगते, हसू नकोस. बर्फाने डोंगर मुका झाला. झाडं, कडे, सगळं गुंडाळल्यासारखं. म्हातारी देवळामागे थांबली, तीन ठोके दिले, वाट पाहिली आणि माझ्याकडे वळली. "ओ आली?" मी नाही म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं. काहीच आलं नव्हतं. मला एकदम भीती वाटली. इतके दिवस मी खोटंच "नाही" म्हणत होते, आणि आता खरोखरच नव्हतं.

ती म्हणाली, "बरं. उद्या."

रोज तेच. गुडघाभर बर्फात ती फिरते, फळी खांद्यावर, आणि रोज तेवढ्याच मनापासून थांबते. एक दिवस मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "कशाला वाजवता? कोणी ऐकत नाही, तुम्हालाही ऐकू येत नाही!"

तिने फार गमतीचं काही ऐकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "मी एकोणीस वर्षांची असताना इथे चार दिवसांसाठी आले होते," म्हणाली. "देव मला तेव्हाही दिसला नाही आणि नंतरही नाही. पण मागे जाऊन उभी राहिले आणि डोंगराने ओ दिली. मी इथेच राहिले. आता कान गेले. म्हणून काय हाक मारायची थांबू?"

मी तिच्याबरोबर चालत राहिले. काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. घरी आपण देवासमोर दिवा लावायचो, आजी क्रूसाची खूण करायची, मी तिच्यामागे करायचे, पण मनात काही नसायचं. इथे ती एवढीशी बाई, पांढऱ्या मुक्या डोंगरासमोर उभी, आणि मलाच खाली वाकावंसं वाटलं.

फुगवून लिहिलंय असं वाटेल. नाही फुगवलं.

इलिंका

ता. क. माप अजून काढलं नाही.


वरचा मठ
सोमवार, १४ एप्रिल

आई,

हा शब्द लिहायला मला सकाळची दुपार झाली. आधी नुसताच लिहून बघितला, मग त्याच्यापुढे हा स्वल्पविराम दिला. आता पुढचं लिहिते. साबिनकाका उद्या निघतील, तोवर पत्र संपवायचं आहे.

इथे सगळे ठीक आहेत. बर्फ गेला, ओढ्याला पाणी आलं. काल ईस्टरआधीचा रविवार, म्हणून खालच्या पोरांनी विलो झाडाच्या फांद्या आणल्या, त्या सगळ्या दारांवर लावल्यात. मेलानिया माइकाला खोकला झाला होता, आता उठून बसते, सूप पिते, मीठ कमी आहे म्हणून भांडते. म्हणजे बरी आहे.

ती अंथरुणाला खिळली म्हणून परवा, लाझारच्या शनिवारी, फळी मी एकटीने वाजवली. पितरांचा दिवस. गावातून बायका शिजवलेले गहू घेऊन आल्या होत्या. मोठ्या माइका म्हणाल्या, "आग लागल्यासारखी वाजवू नकोस म्हणजे झालं." मी निघाले. पहिली फेरी कशी गेली कळलं नाही. दुसऱ्या फेरीला हात आपोआप चालायला लागला. आणि मग मला ऐकू आलं, माझा हात कुठल्या शब्दांवर पडतोय ते. मी ठरवले नव्हते, शोधले नव्हते.

निका. निका. नि-का, नि-का.

आजी अंगणातून तुला हाक मारायची ती. तू गेल्यावरही तिची ती सवय मोडली नव्हती. जेवायला वाढलं की आधी तुला हाक, मग जीभ चावायची, मग मला.

देवळामागे जाऊन थांबले. तीन ठोके दिले. आणि आई, डोंगराने ओ दिली. माझ्यावरून गेली, देवळाच्या भिंतीवरून गेली. मी या आधीही ऐकली होती, पण तेव्हा नाही म्हणण्याच्या नादात होते. बर्फाच्या दिवसांत मला वाटलं होतं की ती संपली. संपलेली नव्हती. तिथेच होती. मी गुडघ्यांवर बसले. कोणी बस म्हटलं नव्हतं. मी कोणाशी तरी बोलत होते आणि तो कोणीतरी तिथे होता, एवढं मला कळलं. ते अजून तसंच आहे, दोन दिवस झाले तरी गेलं नाही.

मी धावत म्हातारीच्या खोलीत गेले. "माइका! ओ आली!" हा शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी तो म्हणाले.

तिला ऐकू आलं नाही, पण चेहरा वाचला. "आली ना?" म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हसली. मग मला रडू फुटलं आणि ती विचारायला लागली की काय झालं. आणि जी गोष्ट मी आजवर कोणाच्या कानात कुजबुजले नव्हते, ती मला तिच्या कानात ओरडून सांगावी लागली.

"मी आई झाले होते!"

"कोण झाली होतीस? मोठ्याने बोल!"

"आई! माझी आई! आजी मरताना!"

बाहेर अंगण झाडण्याचा आवाज थांबला. स्वयंपाकघरात भांडी थांबली. सगळ्या मठाने ऐकलं, आई. आता तूही ऐक.

त्या दिवशी दुपारी अग्लायाकाकू पाद्रीबाबांना बोलवायला गेली होती. मी एकटी होते. मरणाऱ्याच्या हातात देतात तशी आजीच्या हातात मेणबत्ती पेटवून दिली होती आणि तिला ती धरवेना म्हणून माझ्या उजव्या हाताने तिची मूठ मिटून धरली होती. तिला काही दिसत नव्हतं. तिने विचारलं, "निका, आलीस?" मी म्हणाले, "मी इलिंका आहे, आजी." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळाने पुन्हा, "निका?" मी पुन्हा सांगितलं, इलिंका. मी आहे. मी इथेच आहे. तिला मी नको होते, आई. सगळे दिवस मी होते, औषध मी दिलं, कूस मी बदलली, आणि तिला तू हवी होतीस.

तिसऱ्यांदा तिने हाक मारली तेव्हा मी "ओ" दिली. तुझ्या आवाजात. तुझा आवाज मला पाठ होता, कारण इतकी वर्षं तू माझ्यासाठी फोनमधला आवाजच होतीस. तुझं ते "ओ, आई" जरा लांबवून म्हणायचं, तसंच म्हणाले. "ओ, आई. आले."

तिचा चेहरा असा सुटला की काय सांगू. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "थंडीची आलीस. जेवलीस?" मी म्हणाले, जेवले. म्हणाली, "पोरगी कुठे आहे?" मी म्हणाले, बाहेर आहे, लाकडं आणते आहे. तर म्हणाली, "तिच्यावर ओरडू नकोस हं. फार केलंय तिने माझं." मी म्हणाले, नाही ओरडणार. मग ती काही बोलली नाही. मेणबत्ती माझ्या हातात राहिली.

दफनाच्या वेळी मी फोन वर धरून उभी होते आणि तू त्यात रडत होतीस. आणि मागे त्या पत्रात तू तेच लिहिलंस, "आईच्या शेवटच्या घटकेला मी तिच्याजवळ नव्हते, हे मला मरेपर्यंत खाईल." तीच ती ओळ. एका वाक्यात मी तुझं ते ओझं उतरवू शकले असते. मला ते उतरवायचं नव्हतं. आणि तुझ्याशी बोलायला तोंड उघडलं की माझ्या गळ्यातून तुझाच आवाज येईल अशी भीती वाटायची. माझा कुठला, तेच मला आठवेना.

हे सगळं ओरडून सांगून झाल्यावर मला वाटलं, आता म्हातारी म्हणेल, मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललीस. ती अंथरुणात उठून बसली. मग विचारलं, "मेणबत्ती कुठल्या हातात होती?"

मी उजवा हात दाखवला. तिने पांघरूण बाजूला केलं, पाय खाली सोडले, आणि मला काही कळायच्या आत वाकून माझ्या त्या हाताचं चुंबन घेतलं. पाद्रीबाबांच्या हाताचं घेतात तसं. मी हात मागे ओढायला लागले तर सोडेना.

"मी उभा जन्म दुसऱ्याच्या नावाने हाक मारत आले," म्हणाली, "मला कोणी खोटारडी म्हटलं नाही. तू एकदा दुसऱ्याच्या नावाने ओ दिलीस. म्हातारी पोचली ना त्या ओवर?"

मी मान हलवली.

"मग झालं. पण ती ओ तुझ्या आईची आहे. तिची तिला देऊन टाक. किती दिवस गळ्यात अडकवून फिरणार आहेस?" आणि लगेच, "ऊठ, संध्याकाळची वेळ झाली. फळी घे. आणि कडेला जरा हळू मार, मला हाडांत कळतं."

तर ही घे तुझी ओ. आजी तुझ्याविना गेली नाही. तू आलीस, तिने तुझा गाल चाचपला, तुला जेवलीस का विचारलं, आणि ती शांतपणे गेली. आता ते तुला खायला नको. आणि तुझ्या नावाने मी एक शब्द दिला आहे, माझ्यावर न ओरडण्याचा. तो पाळावा लागेल, काचांसकट.

पायाचं माप पाठवत नाही. कागद आणून ठेवला होता, पाय ठेवला, पेन्सिल घेतली, आणि मग फाडला. माझे पाय बघायला तू ये.

काकांची गाडी परतताना शनिवारी पोचते. मी त्यांना सांगून ठेवलं आहे, एक जागा मोकळी ठेवा. ते म्हणाले, "ऑर्नेला म्हातारीची मुलगी आईला चार दिवस सांभाळेल, नाहीतर मी म्हातारीलाच गाडीत घालून आणतो." तू आली नाहीस तरी मी फळी वाजवीन, त्याच्या दुसऱ्या दिवशीही वाजवीन. तेवढं मी इथे शिकले आहे. पण ये.

पुलापाशी उतरशील तेव्हा मी वर देवळामागे असेन. ईस्टरच्या आदल्या शनिवारी घंटा बंद असते, नुसती फळी. तीन ठोके झाले की मी थांबते, तेव्हा खालून हाक मार. माझ्या नावाने मार.

या वेळी ओ माझी असेल.

तुझी मुलगी,
इलिंका